प्रवेश मिळाला, विद्या कुठे आहे?

देवगाव रंगारीत आमच्या विहाराशेजारच्या खोलीत दर रविवारी अभ्यासवर्ग चालतो. दिवाळीनंतर तिथे एक मुलगी येऊ लागली. बी.सी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. बारावी कला शाखेतून झालेली. आई अद्रकाच्या काढणीला जाते, वडील ऊसतोडीला. घरातली पहिली पदवीधर होणार म्हणून सगळी वस्ती तिच्याकडे कौतुकाने बघते. एका रविवारी वर्ग संपल्यावर ती मागे थांबली आणि म्हणाली, "ताई, आई बचत गटातून चाळीस हजार उचलायचं म्हणतीय. पुण्याला क्लास लावायचा, फुल स्टॅकचा. लावू का?"

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. संगणकातले मला फार कळत नाही. म्हणून मी साधाच प्रश्न विचारला, "तीन वर्षांत काय काय शिकलीस?" तिने भराभर यादी सांगितली. सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. इनहेरिटन्सचे पाच प्रकार तिने इंग्रजीत, न अडखळता म्हणून दाखवले. मग मी म्हटले, "तुझ्या आईच्या बचत गटात वीस बाया आहेत. प्रत्येकीने किती हप्ते भरले याची यादी आहे. सगळ्यात जास्त हप्ते कोणाचे थकलेत, हे शोधणारा प्रोग्राम लिहून दाखव." तिने वही उघडली. पहिल्या तीन ओळी पाठ होत्या, त्या लिहिल्या आणि थांबली. थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, हा जर्नलमध्ये नव्हता."

मित्रांनो, हा लेख त्या एका वाक्यावर आहे.

पोरगी हुशार आहे. परीक्षेत पहिल्या वर्गात आहे. दोष तिचा असता तर लेख लिहायची गरज नव्हती. मी गेल्या काही महिन्यांत तालुक्यातल्या आणि आजूबाजूच्या वेगवेगळ्या महाविद्यालयांतल्या मुला-मुलींशी बोलले. नावे घेणार नाही, कारण प्रश्न एका महाविद्यालयाचा नाही आणि बोलणाऱ्या मुलांना अजून परीक्षा द्यायच्या आहेत. सगळ्यांची गोष्ट जवळपास सारखी. प्रयोगशाळेत एका संगणकावर तीन-चार जण. त्यातला एक टाईप करतो, बाकीचे बघतात, आणि टाईप करणारी सहसा मुलगी नसते. शिकवणारे सर किंवा मॅडम तासिका तत्त्वावर, पगार कधी होईल याचा भरवसा नाही, म्हणून चांगला माणूस वर्षभरात निघून जातो. प्रोग्राम फळ्यावर लिहून दिला जातो. तो वहीत उतरायचा, वहीतून जर्नलमध्ये उतरायचा, सही घ्यायची. प्रॅक्टिकल परीक्षेला ठरलेल्या दहातला एक येतो. बाहेरून आलेले परीक्षक व्हायवात व्याख्या विचारतात. व्याख्या पाठ असते. झाली पदवी.

अनेक ठिकाणी अजून टर्बो सीच्या निळ्या पडद्यावरच सी शिकवले जाते. हे सॉफ्टवेअर डॉसच्या जमान्यातले. आजच्या विंडोजवर ते सरळ चालतही नाही, त्यासाठी डॉसचा आभास निर्माण करणारे दुसरे सॉफ्टवेअर टाकावे लागते. 'व्हॉइड मेन' आणि 'क्लिअर स्क्रीन' या ओळी आमची मुले मंत्रासारख्या लिहितात. त्या का लिहायच्या हे विचारले तर उत्तर येते, "लिहावंच लागतं." कालाम सुत्त सांगणाऱ्या समाजाच्या लेकरांच्या तोंडी हे उत्तर आहे. सांगितले म्हणून मानू नका हे आपण विहारात शिकवतो, आणि सांगितले म्हणून लिहा हे त्यांना वर्गात शिकवले जाते.

आता संगणकशास्त्र म्हणजे नेमके काय, हे थोडे समजून घेऊ. एमएस-सीआयटीमुळे आपल्या लोकांच्या डोक्यात संगणक शिकणे म्हणजे तो वापरायला शिकणे असे बसले आहे. टाईप करणे, तक्ते करणे, फॉर्म भरणे. त्यात वाईट काही नाही. पण पदवीचे शास्त्र वेगळे आहे. एखादा प्रश्न लहान लहान पायऱ्यांत कसा फोडायचा, माहिती कशी रचून ठेवायची, एकाच कामाच्या दोन रीतींपैकी कोणती बरी आणि का, हे ते शास्त्र शिकवते.

एक उदाहरण देते. हजार नावांची यादी आहे. पहिल्या नावापासून शोधत गेलो तर शेवटचे नाव सापडायला हजार वेळा बघावे लागेल. पण नावे अनुक्रमाने लावलेली असतील तर सरळ मधले नाव बघायचे. आपले नाव त्याच्या आधी येत असेल तर पुढची अर्धी यादी सोडून द्यायची. उरलेल्या अर्ध्यातले मधले बघायचे. असे निम्मे-निम्मे करत गेले तर जास्तीत जास्त दहा वेळांत हजारातले नाव सापडते. आणि दहा लाख नावे असतील तर? वीस वेळांत. यादी हजारपट वाढली, काम फक्त दुप्पट झाले. याला बायनरी सर्च म्हणतात. हे मला आयटीत नोकरी करणाऱ्या आपल्याच एका भावाने फोनवर समजावले, आणि मी त्या मुलीला मराठीत सांगितले. तिने हे प्रकरण दुसऱ्या वर्षी पाठ करून पेपरात लिहिले होते. दहा लाखांना वीस वेळा पुरतात, हे ऐकून ती हसली आणि म्हणाली, "मंग असं सांगायचं ना!" तिला गणित जमत नाही, असे तिला दहावीपासून सांगण्यात आले होते.

दोन वेगळ्या संस्थांतून मिळालेल्या पदव्यांचे नाव एकच असते, आत मात्र दोन वेगळ्या वस्तू असतात. शहरातल्या चांगल्या संस्थेत हेच बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलाकडे घरी लॅपटॉप असतो, नात्यात दोन-चार इंजिनिअर असतात, काय शिकावे आणि काय सोडून द्यावे हे सांगणारे कोणी असते. वर्गात कमी शिकवले तरी त्याचे घर ते भरून काढते. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. आपल्या मुलांना घरून हे भांडवल मिळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वर्ग हीच एकमेव जागा आहे. तीच रिकामी असेल तर प्रवेश मिळून काय उपयोग? पूर्वी दारातून हाकलत होते. आता दार उघडे आहे, बसायला बाक आहे, हातात शेवटी कागदही मिळतो, फक्त विद्या मिळत नाही. आणि नोकरी मिळाली नाही की म्हणायला मोकळे, यांची मेरिटच नाही.

इथे आपल्या चळवळीला मला एक प्रश्न विचारायचा आहे.

आपण ज्या तालुक्यात राहतो त्याच कन्नड तालुक्यात, मक्रणपूरला, ३० डिसेंबर १९३८ रोजी भाऊसाहेब मोरे यांनी परिषद भरवली आणि बाबासाहेब आले. 'जय भीम' हा घोष तिथून सुरू झाला असे आपण अभिमानाने सांगतो. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले. त्यात त्यांनी केवळ 'शिक्षण द्या' असे मोघम मागितले नाही. कोणते शिक्षण, हे स्पष्ट केले. कला आणि कायद्याच्या शिक्षणापेक्षा विज्ञान आणि तंत्राचे उच्च शिक्षण समाजाला अधिक उपयोगी आहे, पण ते आपल्या लोकांच्या ऐपतीबाहेर आहे, म्हणून त्यासाठी सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी त्यांची मांडणी होती. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून आपली मुले घ्यावीत, अशीही मागणी होती. त्या काळचे तंत्र छापखान्यात आणि रेल्वेत होते. आजचे कुठे आहे ते सांगायला नको.

१९५० साली त्यांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले. त्याला पुढे नाव दिले मिलिंद, परिसराला नागसेनवन. मिलिंद हा नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा राजा. म्हणजे मराठवाड्यातल्या आपल्या पहिल्या महाविद्यालयाचे नाव प्रश्न विचारणाऱ्याचे आहे. त्यानंतर विद्यापीठाच्या नामांतराचा लढा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधल्या सोळा वर्षांत पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यासारख्यांचे प्राण गेले, शेकडो घरे जळाली. दर १४ जानेवारीला आपण विद्यापीठाच्या गेटवर जातो, डोके टेकवतो.

आपण प्रवेशासाठी लढलो, शिष्यवृत्तीसाठी लढलो, वसतिगृहासाठी आणि नावासाठी लढलो. हे सगळे लढे योग्य होते आणि काही अजून संपलेले नाहीत. पण त्या गेटच्या आत आपल्या लेकरांना काय शिकवले जाते, यासाठी एक तरी मोर्चा काढला का? संगणकाच्या प्रयोगशाळेत किती यंत्रे चालू आहेत हे मोजायला आपली एखादी विद्यार्थी संघटना कधी गेली का? मी स्वतः दहा वर्षे कार्यकर्ती आहे. मी गेले नाही. ही कबुली आधी माझी.

ताजे उदाहरण घ्या. २०२४-२५ पासून बी.सी.ए., बी.बी.ए. हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांना सीईटी लागू झाली. खेड्यातल्या अनेक मुलांना परीक्षा होऊन गेल्यावर कळले. जागा इतक्या रिकाम्या राहिल्या की त्याच वर्षी पुन्हा एक सीईटी घ्यावी लागली. काही संस्थांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून ही अटच टाळली. आपल्या संघटनांनी निवेदने दिली, ती सगळी सीईटीबद्दल. बरोबरच होती. पण त्याच वर्षी परिषदेने बी.सी.ए.चा नमुना अभ्यासक्रमही प्रसिद्ध केला, त्यात गणिताचा पाया आहे, प्रश्न सोडवण्याची रीत आहे, डेटा स्ट्रक्चर आहे. त्यातले आपल्या महाविद्यालयात काय येणार, कोण शिकवणार, कोणत्या यंत्रावर शिकवणार, हे आपण विचारले नाही. चर्चा पुन्हा दारापाशीच थांबली.

यावर मला तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. तिन्हींना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप काही प्राध्यापकांचा. मुलांचा पायाच कच्चा आहे, गणित नाही, इंग्रजी नाही, मग खोलातले शिकवून काय करू? सर, पाया कच्चा आहे हे खरे आहे. कला शाखेतून आलेल्या मुलीचे गणित दहावीला सुटलेले असते. पण प्रवेश देताना हे माहीत होते ना? मग पहिल्या सत्रात गणिताचा आणि इंग्रजी वाचनाचा वेगळा वर्ग का नाही? बहुतेक ठिकाणी हे अभ्यासक्रम विनाअनुदानित आहेत. आपल्या अनेक मुलांची फी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून शासन भरते. म्हणजे ही मुले फुकट बसलेली नाहीत. त्यांच्या नावावर संस्थेला पैसे मिळतात. त्या पैशाचे शिक्षण मागणे हा उद्धटपणा नाही, तो हिशेब आहे.

इंग्रजीबद्दल दोन्ही टोके सोडा. २०२१ पासून पिंपरी चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवायला सुरुवात झाली. समजायला मराठी हवीच, माझा रविवारचा अनुभव तेच सांगतो. पण संगणकाचे सगळे दस्तऐवज इंग्रजीत आहेत. सावित्रीमाईंनी आपल्याला इंग्रजी शिका म्हणून सांगितले, ते विसरून चालणार नाही. समजून घ्यायचे मराठीत आणि वाचायला शिकायचे इंग्रजीत. कोणी एकच हातात देत असेल तर घेऊ नका.

दुसरा आक्षेप आपल्यातल्याच जाणत्यांचा. कितीही शिकलो तरी नोकरी जात बघूनच मिळते, मग अभ्यासक्रमाचे काय घेऊन बसलात? हा आक्षेप खोटा नाही. मिलिंदमध्येच शिकलेले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रातल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश होती, मुस्लीम नावाला सुमारे एक तृतीयांश. खाजगी क्षेत्रात आरक्षण हवे ही मागणी याच पायावर उभी आहे आणि ती सोडायची नाही. पण ही चाळणी आता माणसाच्या हातातून प्रोग्रामच्या हातात चालली आहे, हे लक्षात घ्या.

अ‍ॅमेझॉन कंपनीने अर्ज छाननारा एक प्रोग्राम बनवला होता. जुन्या दहा वर्षांच्या अर्जांवरून तो शिकला. ते अर्ज बहुतेक पुरुषांचे, म्हणून तो बायकांच्या अर्जांना कमी गुण देऊ लागला. कंपनीला तो प्रकल्प बंद करावा लागला, २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली. त्याच वर्षी जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय संशोधक स्त्रियांनी दाखवून दिले, की चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या नावाजलेल्या कंपन्यांच्या प्रणाली गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत जेमतेम ०.८ टक्के चुकतात, आणि काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. ही चूक त्यांनाच का सापडली? कारण अन्याय काय असतो हे त्यांना ठाऊक होते, आणि यंत्र आतून कसे चालते हेही ठाऊक होते. आपल्याकडे पहिली गोष्ट पिढ्यान्पिढ्यांची आहे. दुसरी नसेल तर उद्या आडनाव, गाव आणि पिनकोड बघून कोणता प्रोग्राम आपला अर्ज बाजूला टाकतो, हे आपल्याला कळणारसुद्धा नाही. निषेधाचे निवेदन कुठल्या टेबलावर द्यायचे तेही समजणार नाही.

तिसरा आक्षेप मुलांचा. ताई, आता तर एआयच प्रोग्राम लिहून देते, शिकायचे कशाला? अरे बाळांनो, फळ्यावरचे उतरून काढायचे काम यंत्र करू लागले असेल, तर उतरून काढायलाच शिकलेल्या मुलाचे काम पहिल्यांदा जाणार. यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे ज्याला वाचता येते त्याचे काम राहील. आणि ते वाचायला पाया लागतो. भाषा आणि साधने बदलत राहतात. कालचे साधन आज कोणी विचारत नाही. यादीत नाव कसे शोधायचे हा विचार मात्र जुना होत नाही. पुण्याच्या चार महिन्यांच्या क्लासमध्ये साधन मिळते. पाया तीन वर्षांत मिळायला हवा होता, तोच विकत घ्यायला आता माय कर्ज काढायला निघाली आहे.

मग करायचे काय? नुसता संताप करून वर्ग सुधारत नाही.

एक, विद्यार्थ्यांनी. प्रयोगशाळेत किती यंत्रे आहेत, किती चालू आहेत, आठवड्यात प्रत्यक्ष किती तास बसायला मिळाले, याची महिनाभर वहीत नोंद ठेवा. त्या नोंदीसह प्राचार्यांना लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या. भाषणापेक्षा अशी वही जड असते.

दोन, संघटनांनी. विद्यापीठ कायदा २०१६ प्रमाणे अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा सदस्य निवडून जातात, त्यातल्या पाच जागा राखीव आहेत. आपल्या संघटना ही निवडणूक लढवतात, आपण मतेही मागतो. पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला विचारा, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचे आणि ग्रामीण प्रयोगशाळांचे काय करणार? अभ्यासमंडळावर कोण बसते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? कुलगुरूंचे नाव माहीत असून भागत नाही.

तीन, वस्तीने. १४ एप्रिलच्या वर्गणीतून एका रात्रीच्या डीजेचे भाडे वाचवा आणि विहारात दोन जुने लॅपटॉप आणा. शहरात, पुण्यात, परदेशात संगणकाच्या क्षेत्रात पोचलेले आपले भाऊ-बहिणी आहेत. जयंतीला त्यांच्याकडून देणगी मागू नका, रविवारचा एक तास मागा. फोनवर चालेल. मराठीत चालेल.

चार, शिक्षकांनी. तुमच्यातलेही बरेच जण आपलेच आहेत, तुमचे शोषण आम्हाला दिसते. तुमच्या वेतनाच्या आंदोलनात आम्ही येऊ. तुम्ही एवढेच करा, वर्षात एक प्रश्न असा द्या की जो जर्नलमध्ये नाही.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगून थांबते. आठ रविवार ती दुसऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर बसली. बचत गटाचा प्रोग्राम तिने लिहिला. पहिल्यांदा चालवला तेव्हा थकलेल्या हप्त्यांची एकूण रक्कम गटाच्या रजिस्टरशी जुळेना. मी म्हटले, त्या भावाला फोन लावू. ती म्हणाली, "थांबा ताई, मी बघते." दोन दिवसांनी तिने स्वतः चूक शोधली. संगणक यादीची मोजणी शून्यापासून करतो आणि तिने एकपासून सुरू केली होती. त्यामुळे यादीतली पहिली बाई मोजलीच जात नव्हती.

ती चूक सापडली त्या दिवशीचा तिचा चेहरा मी पहिल्या वर्गाच्या गुणपत्रिकेवेळी पाहिला नव्हता. आईला तिने सांगितले आहे, कर्ज आत्ता नको, परीक्षेपर्यंत थांब. पुण्याला ती जाईल की नाही हे अजून ठरलेले नाही. गेली तर काय विकत घ्यायचे आणि काय नाही, एवढे तिला कळेल. पण हे आठ रविवार तिला विहाराशेजारच्या खोलीत मिळाले. ज्या वर्गाची फी तिच्या नावाने तीन वर्षे भरली गेली, तिथे ते मिळाले नाहीत. याचा जाब आपण कोणाला आणि कधी विचारणार आहोत?

जय भीम.